दशांश

उद्यमनगरात आठवडाभर लेथवर बुशिंगं कातून
शनिवारी मी एक तिकीट घेतो, स्टँडासमोरच्या टपरीवर.
एस्तेरच्या नजरेला नको म्हणून ठेवतो मत्तयच्या पानांत.
बायबल रोज तीच उघडते, हे विसरून.

निकाल बुधवारी. तोवर एक कोटी माझेच.
आधी दशांश, प्रभू, आधी तुझं:
दहा लाख. घंटेचा दोर, छपराचे पत्रे,
पाळकसाहेबांच्या स्कूटरला नवं इंजिन.
उरलेल्यात नागाळा पार्कात घर,
एस्तेरला गुजरीतून साज
(तिला आवडतो का, कधी विचारलेलं नाही)
आणि मालकाकडं बघून
एक दिवस नुसतं हसायचं.

रविवारी उपदेश: उंट आणि सुईचं नेढं.
सगळ्यांच्या माना खाली. मी मनात माप घेतो,
केवढा उंट, किती एमएमचं ड्रिल.
दोन शिफ्ट लागतील, पण जाईल, प्रभू, जाईल,
कुबडाला जरा ग्रीस लावू.

मग रांगेतून पिशवी येते,
मखमली, तळाशी झिजलेली.
खिशात एक दहाची, एक पन्नासची.
दहा लाख देताना हात कसा सैल होता!
आता पन्नासच्या कडेवर
अंगठा अडकून बसलाय.
शेजारी शमुवेल समुद्रे खोकतो.
पिशवी थांबलेली.

पलीकडच्या बायकांच्या बाकावरून
एस्तेर माझ्याकडं बघत नाही.
तिला तिकिटाचा नंबर पाठ आहे.