नऊ आकडे

गुडघा बदलला त्याला आज अकरावा दिवस.
पाथर्डी फाट्याच्या या खिडकीतून
पांडवलेण्याचा डोंगर दिसतो, अर्धा.
उरलेला समोरच्या बिल्डिंगच्या टाकीने घेतला.
चार किलोमीटरवर, अंबडला,
माझा कॉम्प्युटर माझ्याशिवाय सुरू आहे
आणि वीस तारखेला जीएसटी भरायचा.

वरच्या मजल्यावरची श्रावस्ती म्हणाली,
काकू, मोबाईलवरून चालवता येतं सगळं,
फक्त कुठलं ॲप ते ठरवा.
ठरवा म्हणे.
साडी घेताना निदान पदर उलगडून दाखवतात.

पहिलं निळं.
तिकडे ललित आहेरने टाकलं, इकडे मी,
आणि अख्खं ऑफिस पोस्टाच्या तिकिटाएवढं.
टॅलीतले आकडे खसखशीसारखे सांडलेले.
बोट ठेवलं एका व्हाउचरवर, उघडलं शेजारचं.
बोटाला जाडी असते
हे मला चौपन्नाव्या वर्षी कळलं.

दुसरं लाल, देखणं, चपळ.
पाच मिनिटं झाली की दार लावून घेतं
आणि आतून डॉलर मागतं.
सत्तावीस वर्षं शेटच्या पै-पैचा हिशोब ठेवला,
डॉलरचा रकाना आमच्याकडे नाही.

तिसऱ्याने आधी माझीच झडती घेतली:
फोटो, माइक, कुणाकुणाचे नंबर,
आत्ता मी कुठे आहे.
पलंगावर आहे बाबा.
काढून टाकलं.

चौथं राखाडी, मठ्ठ चेहऱ्याचं.
नऊ आकडे मागतं,
आणि ते तिकडच्या पडद्यावरून
कुणीतरी वाचून दाखवावे लागतात.
ललित डबा खायला गेलेला.
फोन उचलला गांगुर्डे वॉचमनने.

"सात, सात, भोपळा, मग ते उलटं सहा."
म्हणजे नऊ का हो?
"नऊच असंल. सहा असता तर सुलटं म्हटलं असतं."
तीनदा चुकलं. चौथ्यांदा तो म्हणाला,
"बाई, इथं इंग्रजीत कायतरी विचारतंय.
हिरवं दाबू का तांबडं?"
हिरवं.
"नक्की ना? पण तुम्हीच आहात ना?"

सत्तावीस वर्षं त्याच्या समोरून आत गेले,
एकदाही विचारलं नव्हतं त्याने.
मीच आहे, म्हटलं.

मग उघडलं माझं टेबल, आडवं धरलेल्या मोबाईलात.
मागचा फोटो बदललेला, कुठलीशी मोटारसायकल.
माझ्या सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये,
त्याचं नाव 'मंदाताई जुने'.
मी ते उघडलं नाही.
मार्चपासूनची खरेदी बघत बसले,
तेवढ्यात बाण आपोआप सरकला.
मी डावीकडे ओढला, तो उजवीकडे गेला.
नोटपॅड उघडलं. त्यात अक्षरं उमटली:
कोण?

एका बोटाने मी लिहिलं,
मी.

पंधरा-वीस सेकंद बाण जागचा हलला नाही.
मग, ताई, बाकी जुळत नाहीये.
चार हजार दोनशेचा फरक येतोय. शेटना अजून सांगितलं नाही.

मला माहीत होतं कुठे असणार.
सिन्नरचा तो ट्रान्सपोर्टवाला बिल दोनदा पाठवतो,
एकदा शाईने, एकदा कार्बनचं,
आणि दोन्ही खरी वाटतात.
हात शिवशिवले. पण मी फक्त लिहिलं,
सिन्नर बघ,
आणि बोट काचेवरून उचललं.
बाण त्याच्या हातात गेला.
अडखळत, दोन पानं पुढे जाऊन मागे येत,
त्या ओळीवर येऊन थांबला.
नोटपॅडमध्ये तो काहीतरी टाइप करत होता,
पुसत होता, परत टाइप करत होता.
शेवटी नुसतं: हो ताई.

रात्री श्रावस्ती म्हणाली, हेच ठेवताय?
सगळ्यात हळू आहे हे.
निदान कायमचा पासवर्ड टाका,
मग दर वेळी कुणाला विचारायला नको.
राहू दे, म्हटलं.

उद्या बाराला परत फोन लावीन.
गांगुर्डेंना चष्मा आणायला सांगितलाय.