जोड

तेव्हा सुरसागरात शंकर उभा नव्हता,
नुसतं पाणी होतं, भोवती कठडा,
आणि दांडिया बाजारात दोनच पक्ष होते:
मुंगूस आणि बेडूक.

मुंगूस पिवळं, कपाळाला पट्टी,
उभं राहिलं तरी पाय थरथरत असायचे.
बेडूक ढेरपोट्या, गमबूटवाला,
धावायचा कमी, उडायचा फार.
कंपन्या वेगळ्या, यंत्रं वेगळी,
एकाची कॅसेट दुसऱ्याच्या खाचेत बसायची नाही.
(कानस लावून पाहिली होती आम्ही.)
मफतकाकांकडे मुंगूस, रुपयाला सात मिनिटं.
समोर पारुलबेनच्या गाळ्यात बेडूक,
तिथे घड्याळच बंद, म्हणून आम्ही सुखी.

निल्या घोरपडे मुंगसाचा.
आडनावात घोरपड आणि बाजू मुंगसाची,
एवढ्यावरून मी त्याला महिनाभर पिडला.
मग त्याने मला, म्हणजे पाटणकराला,
पाटावरचा बेडूक केलं. ते मात्र टिकलं.

भांडण एकच, आणि सुटणारं नव्हतं:
दोघे एका मैदानात उतरले, तर पुढे कोण?
निल्याचे आजोबा आखाड्यातले, कान मोडलेले.
म्हणाले, दोन तालमींचे पठ्ठे
जोड लागल्याशिवाय नुसत्या तोंडाने
चितपट होत नसतात.
आणि पुन्हा बदाम सोलू लागले.

म्हणून जोड आम्हीच लावली.
मे महिना, भर दुपार, तळ्याला एक फेरी.
तो मुंगूस, त्याने नुसतं पळायचं.
मी बेडूक, मला दर खांबाला उडी सक्तीची.
न्यायमंदिराच्या कोपऱ्यावर बर्फाची सायकल आडवी आली.
हनुवटीला तीन टाके.
निल्याने वळून पाहिलं
आणि पळतच राहिला.
त्याच्या मते शर्यत पुरी झाली,
माझ्या मते रद्द.

पुढे मुंगसाच्या कंपनीने यंत्रं करणं सोडलं.
पुढे घोरपडे इलेक्ट्रिकल्सचा गाळा आम्ही घेतला,
मधली भिंत पाडली.
त्यांच्या बाजूच्या फरशा अजून लालच आहेत.
निल्या हालोलहून सुटला की येतो,
लाल फरशीवर स्टूल ओढून बसतो.
चहा सांगू का विचारलं तर म्हणतो, जवा दे ने,
आणि पितो.

परवा ऋजुताने दुकानातल्या टीव्हीला नवा डबा जोडला.
पडद्यावर स्टेडियम, खच्चून गर्दी,
शंभर मीटरच्या रेषेवर शेजारीशेजारी
मुंगूस.
बेडूक.
आम्ही दोघेही उठून उभे राहिलो,
राष्ट्रगीत लागल्यासारखे.
"अगं, हे दुश्मन आहेत," मी म्हणालो.
"कधीपासून?" ती म्हणाली,
"काल तर एका बाजूने टेबल टेनिस खेळत होते."

तीस वर्षांत दोघांचीही मिशी काळीच.
बेडकाने मुंगसाशी हात मिळवला,
घरधन्याने पाहुण्याशी मिळवावा तसा.

निल्याने चष्मा कपाळावर चढवला
आणि बेडूक निवडला.
"तो माझा आहे," मी म्हणालो.
"बघू दे की," तो म्हणाला,
"उडी मारताना काय दिसतं ते."

उरलं मुंगूस. मी हातात घेतलं
तर खरंच थरथरत होतं.
कंट्रोलरला तशी सोय असते म्हणे.

ऐंशी मीटरला आम्ही कुठे होतो
ते सांगता आलं असतं,
पण तेवढ्यात एक बाई आल्या,
लांब वायरचा चार्जर आहे का म्हणून.
ऋजुताने खेळ थांबवला.
दोघे हवेत, एकाचं नाक
दुसऱ्याच्या गमबुटाआड गेलेलं.
निल्या म्हणतोय, आटप ना लवकर,
बाई पाचशेची नोट धरून उभ्या,
आणि मी सुट्टे शोधतोय, सावकाश,
लाल फरशीकडच्या गल्ल्यात.