एका पेटीत

एकेचाळीस टक्क्यांवर मेला.
दुसऱ्यांदा तेवीसवर.
तिसऱ्यांदा शहात्तरपर्यंत आला, वाटलं सुटले,
आणि पडदा निळा.
वर तोच उदास चेहरा, दोन टिंबं आणि एक कंस.

तासगावला मगदूम आण्णांचं कोल्ड स्टोरेज.
बाहेर बेचाळीस डिग्री, आत चार,
मधल्या काचेच्या खोलीत मी,
दातांत स्क्रू धरून.
"नदाफबाई, सोमवारी सौदा हाय.
लॉटची यादी निघाली न्हाई तर
व्यापारी नुसता च्या पिऊन जातील."

बोर्ड नवा. प्रोसेसर नवा. डिस्क नवी.
सगळं मीच पुण्याहून मागवलेलं,
म्हणजे शिव्याही माझ्याच.
जुनी एकच गोष्ट: रॅमची एक पट्टी.
"चालू हाय की ती, कशाला टाकायची?"
आण्णा पेटीची सुतळीसुद्धा गुंडाळून खिशात ठेवतात.
मग जुनीशेजारी नवी बसवली.

दरवेळी एकाच जागी मेला असता
तर पेनड्राइव्हवर आळ घेतला असता.
जागा बदलून मरतो, त्याची मेमरी बघायची.
हे मला कुठल्या कोर्सनं शिकवलं नाही,
विट्याच्या एका सोनाराच्या मशीननं शिकवलं,
तेही फुकट नाही.

म्हणून रात्रभर तपासत बसले.
जुनी एकटी: चार फेऱ्या, एकही लाल ओळ नाही.
नवी एकटी: चार फेऱ्या, स्वच्छ.
पहाटे तीनला
कॉम्प्रेसर कुठला घुमतोय नि डोकं कुठलं, कळेना.
दोघी निर्दोष.
मग खून केला कुणी?

पेनड्राइव्ह बदलला. केबल बदलली.
बायोस ताजं केलं, श्वास रोखून,
मध्येच लाईट गेली असती तर बोर्डाचा पाट झाला असता.
एकदा तर काहीच न बदलता
नुसतीच बापजाद्यांवरून शिवी दिली.
बावन्न टक्के.

सात वाजता बेदाणा निवडणाऱ्या बायका आल्या.
दारात शेवंता खोत, ओठाआड मिश्री,
कुणा नव्या पोरीला झापत होती:
"दोनी बी ग्वाड हाईत, म्या कुटं न्हाई म्हंती?
पर ह्याला वल जास्त, त्याला कमी.
एका पेटीत घातलं की घामेजतंय बग.
न्हाईतर ह्याला आजून वाळीव, मग घाल."

मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

जुनीचा वेग चोवीसशे. नवीचा बत्तीसशे.
एकेकटी असताना बोर्ड त्यांना आपापल्या चालीनं चालवायचा.
जोडीनं बसवल्या की दोघींना बत्तीसशेनं पळवायचा.
आणि तो आकडा
पहिल्या दिवशी, "आण्णा, बघा आता कसं पळतंय" म्हणत,
हौसेनं मीच निवडलेला.

चोवीसशे केला.
जतन करा, बाहेर पडा.
तेवीस गेलं, एकेचाळीस गेलं.
शहात्तर मी बघितलंच नाही,
बायकांच्यात जाऊन चहा घेतला.
परत आले तर पडदा विचारत होता,
देश कुठला, भाषा कुठली.

"काय बदललंसा?" आण्णा.
"एक आकडा."
"आकड्याचं कसलं पैसं?"
शेवटी तीनशेवर तुटलं,
वर अर्धा किलो हिरवा बेदाणा, कागदात.
माझी चूक मी सांगितली नाही.

स्टँडपर्यंत येता येता मूठभर संपला.
दाताखाली काडी आली,
शेवंताबाईच्या हातून सुटलेली.
थुंकली नाही.
एसटी येईपर्यंत चघळत राहिले.