अक्षरं बाहेरच्या बाजूला

गिऱ्हाईक काय सांगतं ते मी ऐकून घेतो,
विचारतो मात्र टायरला.

ऑरेगनच्या या कोरड्या टोकाला, बर्न्स गावात,
सव्वीस वर्षं वाकलोय मी ट्रकांखाली.
माणसं येतात, म्हणतात, रानात जातो, डोंगरात जातो,
खडक, चिखल, नदीचं पात्र, काही सोडत नाही.
मी चाक उतरवतो, हात फिरवतो,
आणि रबर खाली मान घालून कबूल करतं:
डांबर. डांबर. किराणा दुकानाचं पार्किंग. डांबर.

माइटे उर्कीडी आली ऑक्टोबरच्या पहिल्या गारठ्यात.
निळा पिकअप, मागे ताडपत्री,
ताडपत्रीखाली घडीची खाट, काजळी धरलेली किटली,
कुत्र्याचे केस. कुत्रा नव्हता.
मी विचारलं नाही.
इस्पितळात रक्त तपासते ती.
एकतीस मैल जायचे, एकतीस यायचे,
पहाटे साडेचारला, हरणं रस्त्यात उभी असताना.
आणि महिन्यातून दोन रात्री
जिथे फोन लागत नाही अशा कुठेतरी.

भिंतीवरच्या सगळ्यात दांडग्या टायरपाशी थांबली.
मुठीएवढे ठोकळे, बोट बुडेल अशा खाचा.
"हा," म्हणाली.

मी हिशेब मांडला, खोडच ती माझी.
हा जड आहे, गॅलनमागे दीड मैल गिळेल.
पन्नासच्या पुढे गुणगुणेल, साठला रडेल,
आणि ओल्या डांबरावर ब्रेक दाबला
तर थांबायच्या आधी विचार करत बसेल.
त्यापेक्षा तो शेजारचा बघा.
खाचा बेताच्या, पण बारीक चिरा दाट.
कडेला डोंगर कोरलाय, डोंगरात हिमकण,
ती नक्षी नाही, बर्फात परीक्षा दिलीय त्यानं.

ऐकत होती की नाही, कोण जाणे.

डावं मागचं चाक उतरवलं.
म्हटलं, आता काय ते खरं कळेल.
कडा गोल झालेल्या, मधली रेघ पुसट,
रोजचा रस्ता. वाटलंच होतं.
पण एका खाचेत, खोल, काहीतरी लकाकलं.
स्क्रूड्रायव्हरनं उचकटलं तर काळी काच,
ज्वालामुखीची, नखाएवढी,
धार अजून जिवंत.
ग्लास ब्यूट्सची. ओळखतो मी ती वाट,
तिथून आलेल्या किती टायरांना ठिगळं लावलीत.

तिच्या तळहातावर ठेवली.
ती हसली नाही.
म्हणाली, "शनिवारसाठी नकोय मला टायर.
शनिवारी मी तिथेच असते, चाकांकडे कोण बघतं?
बुधवारसाठी हवाय.
लॅबच्या खिडकीतून पार्किंग दिसतं.
नळ्या यंत्रात फिरत असतात, बारा मिनिटं,
तेव्हा मी ट्रककडे बघते."

टायर किती मैल चालतो याचे तक्ते आहेत माझ्याकडे.
उभ्या उभ्या किती चालतो, याचा नाही.

तरी बसवला शेजारचाच.
हरणं, अंधार, ओलं डांबर,
इथे मी ऐकणार नाही म्हटलं,
आणि तिनं मान हलवली.
रक्त तपासणारी बाई, आकड्यांशी भांडत नाही.
जाड भिंतीचा दिला, त्या काळ्या काचेसाठी.
पाठीला थोडं कळेल, सांगितलं.

डेन्टन रिमवर टायर चढवत होता
नेहमीसारखा, अक्षरं आतल्या बाजूला.
हल्ली सगळ्यांना नुसता काळा आवडतो.
मी म्हटलं, थांब. उलटा कर.
ती जाडी पांढरी अक्षरं बाहेर येऊ देत, चारही चाकांवर.
"मळतात ना ती," डेन्टन म्हणाला.

मळू देत.
दुसऱ्या मजल्यावरून
वाचता आली पाहिजेत.