खळं

परवा रात्री तीनला यंत्र किणकिणलं:
बाटली चारशे सात, अतिदक्षता, खाट नऊ.
थॅकरेबाईंचं रक्त बाराव्या तासाला बोलू लागलं.

बाईंना मी पाहिलेलं नाही.
लेबलावर जन्मसाल आहे, एकोणीसशे अठ्ठेचाळीस,
आणि नर्स ओलुचीचं तिरकं अक्षर:
डावा हात. शिरा सापडत नाहीत.

काल थाळीवर ते सारवलं,
वर औषधांच्या अकरा चकत्या ठेवल्या.
ऊब मिळाली, रातोरात लागलं,
आईच्या विरजणासारखं.

औषध लागू पडलं की चकतीभोवती
मोकळं वर्तुळ उमटतं.
इथे हलमध्ये सगळे त्याला झोन म्हणतात.
मी मनात खळं म्हणतो, चंद्राला पडतं तसं.

आज दहा चंद्र कोरडे.
साय थेट कडेला येऊन भिडलेली.

अकराव्याला मात्र आहे.
पट्टी लावली: एकवीस मिलिमीटर.
बावीस हवेत.
दिवा ओढून, चष्मा पुसून पुन्हा मोजलं.
बाहेर हंबरवर धुकं, पार्किंगात कुणीतरी
गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडतंय.
पेन्सिलीच्या टोकाएवढं अंतर.
पट्टी जरा तिरकी धरली असती
तर भरलं असतं.

एकवीस लिहिलं.

मग वर फोन लावला.
डॉक्टर ॲशवर्थ म्हणाल्या, बरं.
आणि फोन ठेवला नाही.
बराच वेळ आम्ही दोघं
बाईंचा व्हेंटिलेटर ऐकत होतो.