अकरा चपला

जिनिंग बंद पडून सात वर्षं झाली.
ऊन चढलं की आवारातून अजून सरकीचा वास उठतो.
तिथंच फक्कीनं आखलेत आमचे रस्ते:
एक इंग्रजी आठ, एक अरुंद बोळ,
आणि एक चौक, ज्याच्या चारही वाटा
तारेच्या कुंपणाला जाऊन संपतात.

ढोबळे मास्तर एसटीत होते, वणी डेपो, एकतीस वर्षं.
पहिल्या दिवशी त्यांनी किल्ली दिलीच नाही.
"गाडीच्या भवताल फिरा आंधी. टायरले हात लावा.
वाकून पाहा, खाली कुत्रं झोपलं हाये का."
आम्ही अकरा जण. गाडी सगळ्यांनाच येत होती.
प्रज्योत तर आठवीपासून काकाचा ट्रॅक्टर हाणतो,
पुलावरून, एका हातानं, दुसऱ्यात मोबाईल.
"येते ना चालवता?" मास्तर म्हणाले,
"मंग थांबवून दाखव."

पितळी गडवा, काठोकाठ भरलेला, दोन मांड्यांत धरून
ते बाजूला बसले.
प्रज्योतनं ब्रेक दाबला
आणि खाकी पॅन्टची आंघोळ झाली.
आम्ही हसलो. तेही हसले, थोडं.
"पानी हाये, वाळून जाईन," म्हणाले,
आणि गडवा घेऊन परत नळाकडे गेले.

मग तो चपलांचा दिवस.
"चाळीसच्या स्पीडनं येतो मी. या दगडापाशी ब्रेक मारीन.
गाडी जिथं थांबंल वाटते,
तिथं आपापली चप्पल ठेवा."
कुणी दगडाला लागूनच ठेवली,
कुणी चार पावलं पुढं.
मी, आचल कुमरे, भित्री म्हणून प्रसिद्ध,
सगळ्यांत लांब ठेवली. सगळे मला हसले.

गाडी आली. दगड गेला. ब्रेक लागला.
धूळ बसायला वेळ लागला.
अकराच्या अकरा चपला चाकांच्या मागं होत्या.
माझीसुद्धा.

कोणीच काही बोललं नाही.
कुंपणावर एक कोतवाल पक्षी शेपूट हलवत बसला होता,
तेवढंच हलत होतं.
"नव्या टायरची गाडी हाये," मास्तर म्हणाले. "अन् रस्ता कोरडा."

आणखी एक शिकवायचे, आरशाचं.
आम्हाला सीटवर बसवून स्वतः मागं चालत जायचे.
"दिसेनासा झालो का आवाज दे."
डाव्या अंगाला, मागच्या चाकाच्या जरा पुढं,
एक जागा आहे. तिथं माणूस कोणत्याच आरशात नसतो.
आवाज दिल्यावरही ते तिथं उभेच राहायचे,
गरजेपेक्षा जास्त वेळ.
का, ते आम्ही विचारलं नाही.
एकतीस वर्षांत काय काय झालं असेल,
ते विचारायचं नसतं.

शेवटी प्रमाणपत्र नव्हतं, फोटो नव्हता.
प्रत्येकाला एक रोल, लाल चमकणाऱ्या पट्टीचा.

आता मी दुधाची गाडी चालवते, करंजी ते मारेगाव.
परवा संध्याकाळी, दिवेलागणीला,
वळणावर अचानक रस्ताच संपला:
कापसानं फुगलेली ट्रॉली, मागं दिवा नाही, काही नाही,
नुसता अंधारापेक्षा थोडा जास्त अंधार.
थांबले. मागं कॅन एकमेकांवर आपटले,
पण झाकणं उडाली नाहीत.
मध्ये अंतर किती राहिलं, ते मी उतरून मोजलं.
सांगणार नाही.

ट्रॅक्टरवर पोतं घडी करून बसलेला पोरगा,
मिसरूडही धड फुटलेलं नव्हतं.
मी पट्टी फाडली, ट्रॉलीला लावली,
आडवी, उभी, कापसाच्या कचऱ्यातून चाचपत.
"किती पैसे झाले ताई?"
"कोनाजवळ शिकला बे तू?"
"शिकायचं काय त्याच्यात? येतेच ना."

मी रस्त्याकडे पाहिलं. दोन्ही बाजूंनी कोणी येत नव्हतं.
"इंजिन बंद कर," म्हटलं,
"खाली उतर,
अन् चप्पल काढ."