चौदा तारखेचा रकाना

काझी मॅडम आल्या तेव्हा
दवाखान्यात फिनेलचा वास जरा जास्तच होता.
आदल्या रात्री मीच मारलेला.
खुर्चीचं फाटकं रेक्झीन
डॉक्टरांनी टॉवेलानं झाकलं, घाईत,
अन् टॉवेलावरचं मठपती डेंटल क्लिनिक
नेमकं उलटं आलं.

त्यांनी आधी बादल्या बघितल्या,
पिवळी, लाल, निळी.
सुयांचा डबा उचलून कानाशी हलवला
खुळखुळ्यासारखा,
काहीतरी लिहिलं.
एक्स-रेचा बॅज कुणाच्या गळ्यात असतो, म्हणाल्या.
तो ड्रॉवरात होता, कोऱ्या प्लास्टिकसकट.
तेही लिहिलं.
टाकीतलं पाणी कधीचं?
मी म्हणले, नळ अकराव्या दिवशी येतो, मॅडम.
माहीत आहे, म्हणाल्या, आमच्याकडंही.
अन् तेही लिहिलं.

मग वही.
तारीख, वेळ, एकशे एकवीस अंश, पंधरा पौंड, सही.
तीन महिने. एकच पेन.
रविवारी रात्री लेक झोपल्यावर
मांडीवर उशी घेऊन भरलेले.
मधीमधी अक्षर मुद्दाम तिरपं केलं होतं,
एका पानावर चहाचा कप टेकवून गोल उठवला होता,
वापरलेली वाटावी म्हणून.

त्यांचं बोट चौदा तारखेवर थांबलं.
"चौदाला सव्वाअकराला मशीन चाललं?"
डॉक्टर म्हणाले, रोजच चालतं.
"चौदाला देगलूर रोडचा फीडर दिवसभर बंद होता.
माझं दळण गिरणीतून तसंच परत आलं."

डॉक्टर वर पंख्याकडं बघत राहिले.
पंखा आपला फिरत होता.

चौदाला हंडरगुळीचा इराप्पा आला होता,
बैलबाजारातला दलाल,
गाल सुजून डोळ्याला टेकलेला.
बाई, म्हणला, जन्म गेला बैलांचे जबडे उघडण्यात,
अदात, दोनदाती, चौसा, जुळला,
अंधारात बोट फिरवून वय सांगतो मी,
अन् माझ्याच तोंडात हे कवा झालं?
दाढेचा चिमटा आमच्याकडं एकच.
तो सकाळीच वापरलेला.

"मशीन नाही चाललं," मी म्हणले.
माझा आवाज मलाच भांडं पडल्यासारखा वाटला.
"पण चिमटा तसाच नाही दिला.
मागं गॅस आहे. कुकर आहे, पाच लिटरचा,
माझ्या लग्नातला. खाली जाळी ठेवली,
शिट्टी दाबाला आल्यावर घड्याळ लावून वीस मिनिटं."

मॅडम हसल्या नाहीत.
"पट्टी टाकली होती?"
टाकली होती. काळी झाली होती.
पाकिटातून काढून दिली,
बसच्या तिकिटाला चिकटून बसलेली.
"ही वहीत का नाही लावली?"
वहीत कुकरला रकाना नाही, मॅडम.

पट्टी त्यांनी उजेडात धरली,
उलटी केली, परत सुलटी केली,
अन् स्वतःच्या फायलीला टाचणीनं टोचली.
त्रुटी सहा. मुदत पंधरा दिवस.
खोट्या नोंदी, हे वेगळ्या ओळीत, अधोरेखित.
खाली सही करा म्हणाल्या, उपस्थित कर्मचारी.
मी पूर्ण नाव घातलं, प्रयाग लिंबाजी सोनकांबळे.
एवढी जागा नव्हती, आडनाव समासात गेलं.
जाताना दारात थांबल्या:
"कुकर घरी न्या. आजच."

साडेपाचपर्यंत डॉक्टर माझ्याशी बोलले नाहीत.
मग गल्ला मोजता मोजता म्हणाले,
उद्या नवी वही आण.
अन् पेनं आण, दोन-तीन वेगवेगळी.

मी हो म्हणले का नाही, आठवत नाही.
कुकर पिशवीत घालून चालत आले.
घासला. राखेनं, मग साबणानं, मग परत राखेनं.
ओट्यावर पालथा घातला.
लेक म्हणाली, आई, डाळ पातेल्यात काहून लावलीस,
उशीर होतोय की.

तिला इराप्पाची दाढ कुठून सांगू.